रॉक अल्बम ऐकायचा कसा, कॉन्सर्टमध्ये उभं राहायचं कुठे

आवडता अल्बम कोणता असं विचारलं की रॉकप्रेमी लगेच नाव सांगतात. का आवडतो असं विचारलं की मात्र शोधाशोध सुरू होते. चांगलं रॉक गाणं दोनदा जन्माला येतं. एकदा स्टुडिओत, थरावर थर चढवत. दुसऱ्यांदा स्टेजवर, समोरच्या गर्दीच्या साक्षीने. यातलं एकच रूप ऐकून बनवलेलं मत अर्धवट राहतं, म्हणून आमचा आग्रह जोडीने ऐकण्याचा आहे: स्टुडिओ अल्बम, त्याच गाण्यांचं लाइव्ह रेकॉर्डिंग, आणि जमेल तेव्हा प्रत्यक्ष कॉन्सर्ट.

जोडी निवडा

सुरुवात डीप पर्पलपासून करावी. 'मशीन हेड' हा स्टुडिओ अल्बम मार्च १९७२ मध्ये आला. त्याच वर्षी १५ आणि १६ ऑगस्टला ओसाकात आणि १७ ऑगस्टला टोकियोच्या बुडोकान सभागृहात बँड वाजली, आणि त्या तीन रात्रींतून 'मेड इन जपान' तयार झाला. दोन्हींमध्ये वादक तेच पाच, मधे गेले जेमतेम काही महिने आणि चार गाणी सामायिक. म्हणजे फरक ऐकू आला तर तो स्टुडिओ आणि स्टेज यांतलाच आहे, हे नक्की. 'स्पेस ट्रकिन' स्टुडिओत साडेचार मिनिटांचं आहे. लाइव्हमध्ये ते जवळपास वीस मिनिटांचं होतं आणि एलपीची (मोठ्या तबकडीची) अख्खी बाजू व्यापतं.

दुसरी जोडी ऑलमन ब्रदर्सची. 'व्हिपिंग पोस्ट' त्यांच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमवर पाच मिनिटांच्या आसपास आहे, तर मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात रेकॉर्ड झालेलं रूप २३ मिनिटांचं. सुरुवातीचा ठेका ११ मात्रांचा आहे, ३-३-३-२ असा. बोटांवर मोजा, पहिल्यांदा चुकेल, तिसऱ्यांदा जमेल. एकदा जमला की पुढच्या २३ मिनिटांत वादक किती लांब जातात आणि कुठून परत येतात, ते दिसायला लागतं.

तिसरी जोडी उलट्या दिशेची. चीप ट्रिकचं 'आय वॉन्ट यू टू वॉन्ट मी' १९७७ च्या स्टुडिओ अल्बमवर संथ आणि काहीसं गुळगुळीत आहे. बुडोकानमधलं १९७८ चं रूप वेगवान आहे, गर्दीचा आवाज त्यात वाद्यासारखा मिसळलाय, आणि गाजलं ते हेच. स्टुडिओतलं रूप म्हणजे मूळ आणि लाइव्ह म्हणजे नक्कल, ही समजूत मोडायला एवढं एक उदाहरण पुरतं.

कोणती आवृत्ती ऐकताय ते आधी बघा

एकाच अल्बमच्या पाच-सहा आवृत्त्या बाजारात असतात: मूळ एलपी, सुरुवातीची सीडी, रीमास्टर, नव्याने केलेलं मिक्स. रीमास्टर आणि रीमिक्स एकच नव्हेत. रीमास्टरमध्ये आधीच तयार असलेल्या मिक्सवर, म्हणजे सगळी वाद्यं एकत्र बसवलेल्या रेकॉर्डिंगवर, शेवटचा हात फिरवला जातो. रीमिक्समध्ये प्रत्येक वाद्य वेगळं नोंदलेल्या मल्टिट्रॅक टेपपासून वाद्यांची पातळी आणि जागा पुन्हा ठरवतात. पर्ल जॅमच्या १९९१ च्या 'टेन'चं २००९ मध्ये ब्रेंडन ओब्रायनने केलेलं रीमिक्स मूळच्याशेजारी लावून ऐका. मूळ मिक्समध्ये घुमारा जास्त आहे, नव्यात आवाज कोरडा आणि जवळ आलाय. कोणतं आवडेल हा रुचीचा प्रश्न, पण आपण कोणत्याबद्दल बोलतोय ते माहीत हवं.

रीमास्टरमधली नेहमीची गडबड म्हणजे आवाजाची चढाओढ. साधारण १९९० च्या दशकापासून सीडी जास्तीत जास्त मोठ्या वाजाव्यात म्हणून हळू आणि मोठा यांतलं अंतर दाबून टाकायची सवय लागली. मेटालिकाचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' हे याचं गाजलेलं उदाहरण. ड्रमचे ठोके इतके दाबले गेले की त्यांची टोकं कापली जाऊन खरखर आली. त्याच गाण्यांचं 'गिटार हीरो' या खेळासाठी दिलेलं रूप कमी दाबलेलं होतं आणि ते जास्त मोकळं वाजतं, हे चाहत्यांनीच शोधून काढलं. ओळखायची खूण अशी: फाइल ऑडिओ एडिटरमध्ये उघडा. आवाजाचा आलेख डोंगरदऱ्यांसारखा दिसला तर ठीक. वरून-खालून कापलेल्या विटेसारखा दिसला, तर तो अल्बम वीस मिनिटांत कान थकवणार.

दोन आवृत्त्यांची तुलना करताना हमखास होणारी चूक म्हणजे आवाजाची पातळी समान न करणं. मोठं वाजणारं कानाला नेहमी चांगलंच वाटतं. एका डेसिबलचा फरकही निकाल फिरवतो. म्हणून दोन्हींतला तोच ३० सेकंदांचा तुकडा लावा, फोनवरच्या ध्वनिमापक ॲपने पातळी बघा आणि मोठी वाजणारी आवृत्ती खाली आणा. ॲपचा आकडा तंतोतंत नसला तरी चालतो, आपल्याला दोहोंतला फरक मोजायचाय. त्यानंतर 'रीमास्टर किती दमदार आहे' हे मत पुष्कळदा मागे घ्यावं लागतं.

साठच्या दशकातल्या अल्बमसाठी आणखी एक प्रश्न: मोनो की स्टिरिओ? बीटल्सच्या 'सार्जंट पेपर्स'चं (१९६७) मोनो मिक्स बँडच्या उपस्थितीत वेळ देऊन झालं. स्टिरिओ नंतर, त्यांच्याशिवाय, घाईने झालं. 'शीज लीव्हिंग होम' मोनोमध्ये जास्त वेगात आणि वरच्या पट्टीत आहे. त्या काळच्या स्टिरिओमध्ये गाणारा एका कानात आणि ड्रम्स दुसऱ्या कानात असंही सर्रास घडतं. स्पीकरवर ते खपून जातं, हेडफोनवर डोकं दुखतं. आमचा सल्ला: १९६८ च्या आधीचं हेडफोनवर ऐकायचं असेल तर मोनो मिळतंय का ते आधी शोधा.

बोनस ट्रॅक शेवटी जोडलेले असतील तर ते पहिल्या ऐकण्यात वगळा. अल्बमचा शेवट बँडने ठरवलेला असतो, त्याच्या पाठीला चार डेमो चिकटवले की तो शेवट उरत नाही.

खोली, स्पीकर, हेडफोन

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे. स्पीकर एकमेकांपासून दोन मीटर असतील तर तुम्हीही प्रत्येकापासून दोन मीटरवर बसा. उंच स्वर काढणारा छोटा ट्वीटर कानाच्या उंचीला हवा. मागच्या भिंतीपासून निदान हातभर अंतर ठेवा. स्पीकर कोपऱ्यात ढकलला की बेस फुगतो, मग बेस गिटार आणि ड्रम्सचा खालचा ठोका एकत्र होऊन नुसतं घुमत राहतं. हे दुरुस्त करायला नवा ॲम्प्लिफायर लागत नाही. स्पीकर एक वीतभर पुढे ओढा, परत ऐका, आणखी एक वीत ओढा.

आवाज किती ठेवायचा? फार हळू ठेवला तर कान खालचे स्वर आपोआप कमी ऐकतो. मानवी श्रवणाचा हा गुणधर्म फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मांडला. म्हणून रात्री हळू लावलेला 'ब्लॅक सबाथ' पोकळ वाटतो, त्यात त्यांचा गिटारवादक टोनी आयोमीचा दोष नाही. बसल्या जागी ७५ ते ८० डेसिबल ही चांगली पातळी आहे. मुख्य म्हणजे ती एकदा ठरवा आणि प्रत्येक ऐकण्यात तीच ठेवा.

स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर तीन गोष्टी तपासा. शफल बंद. क्रॉसफेड (एका गाण्याच्या शेवटावर पुढचं चढवणं) बंद. गॅपलेस (गाण्यांमध्ये फट न पाडणं) चालू. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मध्ये (१९७३) गाणी एकमेकांत वाहत जातात, तिथे अर्ध्या सेकंदाची शांतता पडली तरी काच तडकल्यासारखं वाटतं. एमपी३ फाइल्समध्ये ही शांतता येते, कारण एन्कोडर फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी रिकामी जागा भरतो. प्लेयरला ती कापता आली नाही की फट ऐकू येते.

तबकडीवर ऐकणाऱ्यांसाठी

टर्नटेबल विकत घेऊन नीट न जुळवणं म्हणजे चांगली गिटार घेऊन सुरात न लावणं. आधी टर्नटेबल सपाट, स्थिर जागी ठेवा, स्पीकर असलेल्या टेबलावर नको. स्पीकरचा कंप सुईत शिरतो, सुईचा परत स्पीकरमध्ये, आणि आवाज वाढवला की गुरगुर सुरू होते.

मग सुईचा दाब. अँटीस्केट (सुईला आत ओढणारा जोर तोलणारी कळ) शून्यावर ठेवा, सुईचं झाकण काढा आणि मागचं वजन फिरवत टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, हवेत आडवा तरंगेल असं करा. तिथे वजनावरची आकड्यांची चकती शून्यावर आणा. आता वजन फिरवून कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) निर्मात्याने सांगितलेला आकडा लावा. बहुतेक सर्वसाधारण कार्ट्रिजना दीड ते अडीच ग्रॅम लागतात. अँटीस्केटही त्याच आकड्यावर आणा. दाब कमी ठेवला तर रेकॉर्ड वाचेल ही समजूत उलटी आहे. हलकी सुई खोबणीत उसळते, भिंतीवर आपटते आणि नुकसान करते. सांगितलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाजवळ राहिलेलं बरं.

बाजूच्या शेवटच्या गाण्यात 'स' आणि झांजा फाटल्यासारख्या येतात का? कारण भूमितीत आहे. तबकडी मिनिटाला ३३ १/३ फेरे घेते, पण बाहेरच्या कडेला खोबण सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर सरकते आणि आत लेबलजवळ फक्त २१. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी लांबीत दाटीवाटीने बसवलेलं असतं. उपाय दोन: प्रोट्रॅक्टर (कोन मोजायची पट्टी) वापरून कार्ट्रिजचा कोन जुळवा आणि गोल टोकाऐवजी लंबगोल टोकाची सुई वापरा. जुन्या अल्बममध्ये बाजूच्या शेवटी पुष्कळदा शांत गाणं सापडतं, त्यात या अडचणीचाही वाटा असतो.

प्रत्येक बाजू लावण्याआधी कार्बन फायबरचा ब्रश फिरत्या तबकडीवर दोन-तीन फेरे हलका टेकवा, मग धूळ बाहेरच्या दिशेने उचला. तबकड्या उभ्याच ठेवा. आडव्या रचल्या की खालच्या वाकतात.

चार वेळा ऐका, चार वेगळ्या कामांसाठी

पहिल्यांदा अख्खा अल्बम, एका बैठकीत, फोन दुसऱ्या खोलीत. काही लिहू नका. 'मशीन हेड' ३७-३८ मिनिटांचा आहे, तेवढा वेळ काढता येतो. एक गोष्ट मात्र पाळा: एलपीच्या काळातला अल्बम असेल तर पहिली बाजू संपते तिथे स्ट्रीमिंगवरही पॉज दाबा आणि मिनिटभर थांबा. 'ॲबी रोड'ची (१९६९) पहिली बाजू 'आय वॉन्ट यू'च्या वाढत जाणाऱ्या लाटेवर, कात्रीने दोरा तोडावा तशी अचानक संपते. मूळ योजनेत त्यानंतर शांतता होती. ऐकणारा उठायचा, तबकडी पालटायचा आणि मग 'हिअर कम्स द सन' सुरू व्हायचं. सीडीवर दोन सेकंदांत ऊन पडतं आणि त्या तुटण्याचा धक्काच विरून जातो.

दुसऱ्यांदा फक्त तळाकडे लक्ष द्या, म्हणजे बेस आणि ड्रम्स. गिटार आणि गाणं कानांना आपोआप पकडतं, तळ मात्र शोधावा लागतो. सरावासाठी 'मशीन हेड'वरच्या 'स्मोक ऑन द वॉटर'ची सुरुवात उत्तम. आधी रिची ब्लॅकमोरची गिटार एकटी, मग इयान पेसची हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) आणि जॉन लॉर्डचा खरखरीत ऑर्गन, मग उरलेले ड्रम्स आणि शेवटी रॉजर ग्लोवरचा बेस. प्रत्येक वाद्य आलं की बोट वर करा. बेस येतो त्या क्षणी पायाखाली जमीन आल्यासारखं वाटतं. तोवर ती नव्हती हेच लक्षात आलेलं नसतं. याउलट मेटालिकाचा '...अँड जस्टिस फॉर ऑल' (१९८८) ऐका. त्यात बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. गाणी भक्कम, वाजवणं अचूक, तरी आवाज कोरडा आणि टोकदार का लागतो, याचं उत्तर तिथे आहे.

तिसऱ्यांदा जागा ऐका. कोणतं वाद्य डावीकडे, कोणतं उजवीकडे, कोणतं जवळ, कोणतं लांब? लेड झेपलिनच्या चौथ्या अल्बमवरच्या (१९७१) 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'मधले ड्रम्स इतके प्रचंड का वाजतात? हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्याखालच्या प्रवेशदालनात जॉन बॉनमचा संच मांडला होता आणि रेकॉर्डिंग इंजिनिअर अँडी जॉन्सने वरच्या मजल्यावरून दोनच मायक्रोफोन खाली सोडले होते. तुम्ही ऐकता त्यात ड्रम्सइतकाच तो जिनाही आहे. 'मोठा आवाज' आणि 'मोठी जागा' यांतला फरक एकदा कानाला कळला की निर्मितीबद्दल नेमकं बोलता येतं.

चौथ्यांदा कागद घ्या आणि बदल कुठे होतात ते मिनिट-सेकंदासह टिपा. फ्लॉइडचं 'मनी' सात मात्रांत चालतं, रूपकाइतक्याच मात्रा. डिक पॅरीचा सॅक्सोफोनही सातातच फिरतो. गिटारचा सोलो सुरू होतो तिथे ठेका चारावर येतो आणि गाडी एकदम सपाट रस्त्याला लागल्यासारखी सुटते. सोलो संपला की परत सात. हे मोजल्याशिवायही सोलो आवडतो, पण का आवडतो हे मोजल्यावर सांगता येतं.

हे चारही एका दिवशी उरकू नका. आठवडाभरात पसरा.

लाइव्ह अल्बम पारखताना

आता 'मेड इन जपान' लावा. आमच्या मते शिकण्यासाठी यापेक्षा चांगला लाइव्ह अल्बम रॉकमध्ये नाही. 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'मध्ये इयान गिलन गळ्याने आणि ब्लॅकमोर गिटारने सवाल-जवाब करतात. गिटारने टाकलेला तुकडा गळा जसाच्या तसा परत करतो, मग गिटार अवघड करते, गळा तिथेही पोचतो. 'हायवे स्टार' दोन्ही अल्बमवर ऐकताना सोलोकडे लक्ष द्या. स्टुडिओत तो आधी बांधलेला, एकावर एक सूर रचलेला आहे. स्टेजवर हात दोनच, त्यामुळे तिथे धार आणि धोका दिसतो.

लाइव्ह म्हणून विकलं जाणारं सगळंच लाइव्ह नसतं. तपासायचं काय? एक, वेष्टनावर तारखा आणि जागा दिल्या आहेत का आणि किती रात्रींतून गाणी निवडलीत. दोन, गाण्यांमधला गर्दीचा आवाज एकसारखा सुरू राहतो की प्रत्येक गाण्याआधी विरतो आणि परत उगवतो. तीन, एकच गायक एकाच वेळी दोन सुरांत गातोय का. तसं असेल तर एक सूर नंतर भरलाय. थिन लिझीच्या 'लाइव्ह अँड डेंजरस'मध्ये (१९७८) किती भाग नंतर स्टुडिओत भरला, यावर निर्माता टोनी विस्कॉन्टी आणि बँडची बाजू यांचं कधी जुळलं नाही. तरीही तो अल्बम जबरदस्त आहे. भर घातलेली असणं हा गुन्हा नाही, पण 'त्या रात्री असे वाजले' हे विधान करायचं असेल तर त्याच्यावर टेकू नये. त्या कामाला 'लाइव्ह ॲट लीड्स' घ्या. द हूने १४ फेब्रुवारी १९७० ला लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात वाजवलेली ती एक रात्र आहे. मूळ एलपीवर सहाच गाणी आणि लेबलवर चक्क सूचना, की खरखर ऐकू येते ती तशीच राहू द्या. १९९५ पासूनच्या वाढीव आवृत्त्यांमध्ये बराच जास्त कार्यक्रम मिळतो. आधी सहा गाण्यांची घट्ट एलपी ऐका आणि मग मोठी आवृत्ती. निवडीने अल्बम कसा बनतो ते तिथे शिकायला मिळतं.

कॉन्सर्ट: आधी कान

रॉक कॉन्सर्टमध्ये १०० ते ११० डेसिबल ही नेहमीची पातळी. अमेरिकेतल्या कामगार आरोग्याच्या नायॉश या संस्थेचा हिशेब असा: ८५ डेसिबल आठ तास चालतं आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला चार तास, १०० ला १५ मिनिटं, १०३ ला साडेसात. दोन तासांचा कार्यक्रम १०३ वर चालला तर तिसरं गाणं सुरू होण्याआधीच तुमची मर्यादा संपलेली असते. १५ डेसिबल अडवणारे इअरप्लग घातले की तोच आवाज कानात ८८ होतो आणि अख्खा कार्यक्रम बसतो.

साधे फोमचे प्लग उंच स्वर जास्त खातात, त्यामुळे झांजा आणि शब्द गढूळ होतात. संगीतासाठी बनवलेले, सगळे स्वर सारखे कमी करणारे प्लग घ्या; १५ ते २० डेसिबलचे पुरतात. फोमचेच असतील तर नीट घाला. कोरड्या हाताने बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा, फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. बाहेर अर्धा लोंबणारा प्लग जवळजवळ काहीच अडवत नाही. घालायची वेळ पहिल्या गाण्याआधी. कान वाजायला लागल्यावर घालणं म्हणजे भिजल्यावर छत्री उघडणं. लहान मुलांना वरून कान झाकणारे मफ हवेत. द हूचा गिटारवादक पीट टाउनशेंडसारख्या माणसाने आयुष्यभर बिघडलेले कान सहन केलेत. त्याच्या बँडचा १९७६ चा लंडनच्या चार्लटनमधला कार्यक्रम १२६ डेसिबलसाठी गिनेसमध्ये नोंदला गेला होता. पुढे कानांच्या काळजीने गिनेसने हा विक्रमच बंद केला.

उभं राहायचं कुठे

साउंड इंजिनिअरच्या मिक्सिंग डेस्कच्या आसपास. कार्यक्रमाचा आवाज तो तिथल्या कानांनी जुळवत असतो. डेस्कच्या थोडं पुढे, मध्यरेषेपासून दोन-तीन मीटर बाजूला, ही आमची आवडती जागा. अगदी मध्यावर का नको? दोन्ही बाजूंच्या सबवूफरचा, म्हणजे खालचे स्वर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, आवाज मध्यरेषेवर एकाच वेळी पोचतो आणि बेस तिथे फुगतो. बाजूला सरकलं की काही ठिकाणी एकाची लाट दुसऱ्याची खाते आणि बेस पातळ होतो. म्हणून दोन पावलं टाकून बघा, ऐका, मग थांबा.

पहिल्या रांगेत घाम आणि चेहरे दिसतात, त्याची सर दुसऱ्या कशाला नाही. पण आवाज? मुख्य स्पीकर तुमच्या डोक्यावरून मागे फेकतात, समोर गिटारचे ॲम्प आणि ड्रम्स थेट कानावर येतात, आणि गायक मात्र गायब. पहिल्या रांगेतून 'आज गळा बसला होता' असं मत देऊ नये. बाल्कनीच्या खाली शिरलात तर उंच स्वर अडतात आणि बेस साचतो. मागच्या भिंतीला टेकलात तर परावर्तित आवाज मिसळतो.

मैदानावर अंतराचा हिशेब येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे स्टेजपासून ३४ मीटरवर ड्रमची काठी पडताना दिसते आणि ठोका एक दशांश सेकंदाने मागून येतो. मोठ्या मैदानात म्हणून मधे स्पीकरचे वेगळे मनोरे, डिले टॉवर, उभारतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम उशिरा सोडतात. टॉवरच्या पाच-दहा मीटर मागे उभं राहिलं तर आवाज स्वच्छ मिळतो. अगदी शेजारी मात्र नको.

पहिल्या दोन-तीन गाण्यांवरून निकाल देऊ नका. साउंडचेक, म्हणजे आवाजाची आधीची चाचणी, रिकाम्या सभागृहात झालेला असतो. माणसं भरली की अंग आणि कपडे उंच स्वर शोषतात आणि इंजिनिअरला सगळं नव्याने बसवावं लागतं.

पुढे गर्दीत जायचंच असेल तर बंद बूट घाला, आत शिरण्याआधी पाणी प्या, बाहेर पडायच्या वाटा बघून ठेवा. दाटी वाढली की हात छातीसमोर मुठी करून धरा, म्हणजे श्वासाला जागा राहते. लाट आली तर तिच्याविरुद्ध रेटू नका. ती ओसरताना तिरकं, कडेकडे सरका. हात खाली नेता येत नाहीत अशी दाटी झाली, तर गाणं कितीही आवडीचं असो, तिथून निघा. कुणी पडलं तर आधी त्याला उचला.

फोनवरचं रेकॉर्डिंग मत बनवायला निरुपयोगी आहे. एवढ्या आवाजात त्याचा मायक्रोफोन ओव्हरलोड होतो आणि राहिलेलं यंत्रणा दाबून टाकते. त्यापेक्षा खिशात कागद-पेन ठेवा आणि गाणं संपलं की दोन शब्द: नाव, आणि काय वेगळं होतं. 'संथ केलं', 'सोलो लांबला', 'शेवटचं कडवं गर्दीने गायलं'. एवढ्यावरून दुसऱ्या दिवशी अख्खी रात्र परत उभी राहते.

मत लिहिताना

कॉन्सर्टच्या रात्री लिहू नका. मोठ्या आवाजानंतर कान तात्पुरते मंदावतात, उंच स्वर कमी ऐकू येतात आणि उत्साह शिगेला असतो. दोन दिवस कानांना शांतता द्या. त्यानंतरही वाजत राहिले किंवा कमी ऐकू आलं तर कानाच्या डॉक्टरकडे जा. तिसऱ्या दिवशी स्टुडिओ अल्बम ठरलेल्या पातळीवर लावा, आपला कागद समोर ठेवा.

लिहिताना प्रत्येक विशेषणापाठी एक जागा द्या. 'सोलो अप्रतिम' हे वाक्य कुणाच्याच उपयोगाचं नाही. ''मनी'मधल्या सोलोच्या दुसऱ्या फेरीत गिटार कोरडी होते, घुमारा काढून टाकलाय, म्हणून ती एकदम कानाशी येते' हे वाचणाऱ्याला लगेच लावून बघता येतं, पटलं नाही तर वाद घालता येतो. कोणती आवृत्ती ऐकली ते लिहा, कॉन्सर्ट असेल तर कुठे उभे होतात तेही. रॉकमधले निम्मे वाद दोघांनी वेगवेगळी मास्टरिंग ऐकल्यामुळे, किंवा एक जण डेस्कपाशी आणि दुसरा बाल्कनीखाली उभा असल्यामुळे होतात.

नावडलेल्या गोष्टीही त्याच शिस्तीने लिहा, विशेषतः लाडक्या बँडच्या. आणि कागदावर तारीख टाका. सहा महिन्यांनी तीच जोडी, त्याच पातळीवर, जुना कागद न बघता पुन्हा ऐका आणि नवा लिहा. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा.